अर्ध्यावर थांबलेल्या कामाची आवराआवर

सर्व्हर अडला आहे, नव्या विनंत्यांना उत्तर मिळत नाही, आणि तरी प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला आहे, असं कोणी सांगितलं की मी आधी त्या प्रोसेसची उघडी कनेक्शनं पाहते. लिनक्सवर त्यासाठी 'एलएसओएफ' आणि 'एसएस' अशा दोन आज्ञा आहेत. पडद्यावर ओळींमागून ओळी येतात आणि पुष्कळदा त्यांतल्या बहुतेकींवर एकच शेरा असतो: क्लोज-वेट. पलीकडच्याने संभाषण संपवलं आहे, तसं रीतसर कळवलंही आहे. आपल्या बाजूच्या कर्नलने ती सूचना पोचल्याची पावती दिली आहे. आता आपल्या प्रोग्रॅमने 'बंद' म्हणायचं तेवढं बाकी आहे आणि प्रोग्रॅम ते म्हणत नाही. या अवस्थेला मुदत नसते. प्रोसेस मरेपर्यंत ती ओळ तशीच राहू शकते.

असं कनेक्शन एकटं अडकत नाही. लिनक्समध्ये प्रोसेसने उघडलेल्या प्रत्येक फाइलीला, प्रत्येक सॉकेटला एक क्रमांक मिळतो, त्याला डिस्क्रिप्टर म्हणतात. ०, १ आणि २ हे बहुधा जन्मतःच मिळालेले असतात. बाकीचे मागेल तसे मिळतात, पण मोजून. पुष्कळ ठिकाणी ही मर्यादा मुळात १०२४ असते. पोस्टग्रेस हा डेटाबेस, कोणी काही बदललं नसेल तर, एका वेळी १०० कनेक्शनं घेतो. पायथनमधलं एसक्यूएलअल्केमी आपल्या पूलमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या साठ्यात, ५ कनेक्शनं राखतं, गर्दी झाली तर आणखी १० उघडू देतं, आणि त्यापुढच्याला ३० सेकंद थांबवून नकार देतं. म्हणजे एखादं फंक्शन पंधरा वेळा कनेक्शन परत करायला विसरलं तरी सगळा कारभार ठप्प होतो. रिकाम्या प्रोसेसरचं कोडं असंच सुटतं: सगळेच पूलच्या दाराशी वाट पाहत असतात, म्हणून काम कोणाचंच चाललेलं नसतं.

उघडलेलं बंद करायचं, ही शिस्त एकापाठोपाठ एक चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आपण बरीच कमावली होती. बिआर्न स्ट्राउस्ट्रुप यांच्या सी-प्लस-प्लसमध्ये वस्तू जन्मताना संसाधन मिळवायचं आणि ती नाहीशी होताना ते सोडायचं, अशी गाठ भाषेनेच बांधून दिली. पायथनने २००६ साली 'विथ' आणलं. जावाने २०११ साली 'ट्राय'च्या कंसातच संसाधन उघडण्याची सोय केली. सगळीकडे विचार एकच होता. घेण्याची ओळ जिथे लिहिली तिथेच सोडण्याची हमी लिहायची. मधे काही फुटो, कोणी मधूनच परत फिरो, ब्लॉक संपला की आवराआवर होणारच. माणसाच्या आठवणीवर काही सोपवायचं नाही. संगणकाच्या जगातल्या सर्वांत माणुसकीच्या कल्पनांमध्ये मी हिला धरते. रात्री उशिरा, दमून, घाईत लिहिणाऱ्यालाही ती सांभाळून घेते.

मग असिंक्रोनस पद्धत रुळली. तिची गरज खरी होती. १९९९ साली डॅन केगेल यांनी प्रश्न मांडला, की एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळू नयेत. प्रत्येकाला स्वतंत्र थ्रेड देत बसलं तर मेमरी आणि थ्रेडची अदलाबदल यांतच यंत्र दमतं. त्यावर इव्हेंट लूपचा मार्ग आहे: थ्रेड एक, अर्धवट कामं हजारो. नेटवर्कच्या उत्तरासाठी थांबलेलं काम 'अवेट' म्हणून बाजूला होतं आणि तेवढ्यात लूप दुसरं काम पुढे नेतो. सी-शार्पमध्ये २०१२ साली, पायथनमध्ये २०१५ साली, जावास्क्रिप्टच्या २०१७ च्या मानकात हे सरळ लिहिण्याची रीत आली आणि असा कोड पुन्हा वरून खाली वाचता येऊ लागला.

या वाचता येण्यामुळेच एक गोष्ट नजरेआड होते. ओळी एकाखाली एक दिसतात, म्हणून पहिलीनंतर दुसरी होणारच असं आपण धरून चालतो. पण प्रत्येक 'अवेट' ही अशी जागा आहे, जिथून काम कदाचित कधीच पुढे जाणार नाही. ग्राहकाने ब्राउझर बंद केला, टाइमआउट उलटला, दुसऱ्या सर्व्हरचं उत्तर आधी आलं. कारणं अगदी रोजची. त्या क्षणी कोणीतरी ठरवतं की हे काम आता नको. कामाच्या हातात मात्र काय काय असतं! घेतलेला लॉक, उघडं ट्रान्झॅक्शन, निम्मी लिहिलेली फाइल, पाठवलेला आणि उत्तर न आलेला प्रश्न. काम नको झालं म्हणून या गोष्टी आपोआप जागच्या जागी जात नाहीत. रद्द झालेल्या कामाचं एक कर्तव्य उरलेलंच असतं आणि ते पार पाडायला त्याला वेळ आणि जागा द्यावी लागते. असिंक्रोनस प्रोग्रॅमिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच, असं माझं ठाम मत आहे.

२० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटी वापरणाऱ्या काही जणांना आपल्या यादीत परक्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसू लागली. ओपनएआयने सेवा थांबवली आणि चार दिवसांनी घडलेलं सविस्तर जाहीर केलं. ते निवेदन मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून वाचायला देते. मुळाशी होती रेडिस-पाय ही पायथन लायब्ररी. रेडिस या साठ्याशी बोलण्यासाठी ती कनेक्शनांचा सामायिक पूल ठेवते. एका विनंतीचं झालं की तेच कनेक्शन दुसरीला देते. रेडिसशी चालणाऱ्या या साध्या देवाणघेवाणीत प्रश्नाला क्रमांक नसतो. प्रश्न ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने उत्तरं येणार, एवढ्या भरवशावर व्यवहार चालतो. आता प्रश्न गेला, आणि उत्तर हाती येण्याआधी ते काम रद्द झालं, तर? काम संपलं म्हणून कनेक्शन पूलमध्ये परत गेलं. रेडिसला रद्द झाल्याचा पत्ता नाही. त्याने इमानेइतबारे उत्तर पाठवलं. ते कनेक्शनमध्ये तसंच पडून राहिलं. पुढच्याने येऊन आपला प्रश्न विचारला आणि रांगेत पहिलं असलेलं उत्तर उचललं. ते आधीच्याचं होतं. त्याचं स्वतःचं उत्तर मागे राहिलं, तिसऱ्यासाठी.

लग्नकार्याला गावच्या देवळातून मोठी पातेली न्यायची आणि कार्य उरकलं की घासून परत ठेवायची, ही रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातली चूक चटकन कळेल. पातेलं परत आलं, मोजणीत भरलं, पण आत कालची आमटी तशीच, आणि आता ते दुसऱ्याच घरच्या चुलीवर चढणार. पूलच्या हिशेबाने त्या दिवशी काहीच गळलं नव्हतं. घेतलेलं कनेक्शन परत येत होतं. ते कोणत्या अवस्थेत परत येतं, हे मात्र कोणी पाहत नव्हतं.

बहुतेक वेळा चुकीच्या उत्तराचा प्रकारच जुळत नसे, मग एरर येई आणि प्रकरण तिथेच मिटे. पण कधी प्रकारही जुळे. मग परक्याची माहिती आपलीच असल्यासारखी समोर येई. हा दोष आधीपासून होता. त्या दिवशी पॅसिफिक वेळेनुसार पहाटे एक वाजता सर्व्हरमध्ये केलेल्या एका बदलाने रद्द होणाऱ्या रेडिस विनंत्या एकदम वाढल्या आणि तो उघड्यावर आला. त्या दिवशीच्या नऊ तासांच्या अवधीत सक्रिय असलेल्या सशुल्क ग्राहकांपैकी १.२ टक्के लोकांची नाव, ईमेल, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार अंक अशी माहिती इतरांना दिसली असण्याची शक्यता कंपनीने मान्य केली. लायब्ररीतली दुरुस्तीही एका फटक्यात झाली नाही. पहिली अपुरी ठरली, लगेच दुसरी करावी लागली, आणि त्यासाठी दोन वेगळे सीव्हीई, म्हणजे सुरक्षादोषांच्या नोंदीचे, क्रमांक नोंदले गेले. मला यात लिहिणाऱ्यांचा हलगर्जीपणा दिसत नाही. हा प्रश्नच असा अवघड आहे. सर्व काही सुरळीत चाललं तर बरोबर, एरर आली तरी बरोबर, आणि फक्त दोन पावलांच्या मधल्या फटीत कोणी थांबवलं तर चूक. चाचण्या लिहिताना पहिल्या दोन वाटा आपल्याला सुचतात. तिसरी मुद्दाम शोधावी लागते.

अशा कनेक्शनचं काय करावं? उत्तर येईपर्यंत थांबून, ते वाचून फेकून, मग परत ठेवता येतं. पण ज्याला टाइमआउट झाला म्हणून हाकललं, त्यालाच पुन्हा त्याच उत्तरासाठी ताटकळत ठेवणं आलं. म्हणून माझा कल नेहमी दुसऱ्या बाजूला असतो: ज्यावर काही यायचं बाकी आहे ते कनेक्शन तोडून टाकावं, पूलने नवं उघडावं. काही मिलिसेकंद जास्त जातील. जाऊ देत.

काम मधेच थांबवण्याचा हा पेच जुना आहे. जावामध्ये पहिल्यापासून थ्रेडला बाहेरून ठार करण्याची सोय होती. तशी मारलेली थ्रेड आपले सगळे लॉक सोडून देई, त्यामुळे कोणी अडकत नसे. पण ज्या गोष्टींचं रक्षण ते लॉक करत होते त्या अर्धवट बदललेल्या अवस्थेत सर्वांसमोर येत. १९९८ साली जावा १.२ मध्ये ती सोय वापरू नये असं जाहीर झालं. २०२३ साली आलेल्या जावा २० पासून ती हाक मारली की नुसती एरर येते. हॅस्केलवाल्यांनी वेगळी वाट शोधली. सायमन मार्लो, सायमन पेटन जोन्स, अँड्र्यू मोरन आणि जॉन रेपी यांच्या २००१ च्या निबंधात बाहेरून येणारा थांबा काही ओळींपुरता रोखून धरण्याची नीट रचना आहे: संसाधन घेणं आणि ते सोडण्याची हमी देणं या दोन पावलांमध्ये कोणालाही शिरू द्यायचं नाही. आजच्या असिंक्रोनस भाषांना त्या मानाने सोपं गेलं आहे, कारण त्यांच्यात काम कुठेही थांबत नाही, फक्त 'अवेट'पाशी थांबतं. धोक्याच्या जागा कोडमध्ये डोळ्यांना दिसतात. हे मोठं देणं आहे, आणि आपण ते पुरेसं वापरत नाही.

पायथनमध्ये काम रद्द केलं की ते ज्या 'अवेट'वर उभं आहे तिथेच एक एक्सेप्शन फेकलं जातं. त्यामुळे 'फायनली' चालतं, 'विथ' चालतं, जुनी शिस्त कामाला येते. पण त्या एक्सेप्शनची वाट कोणी अडवायला नको. २०१९ साली पायथन ३.८ येईपर्यंत ते साध्या एक्सेप्शनच्या घराण्यात होतं, आणि 'काहीही चुकलं तरी नोंद करून पुढे जा' अशा हेतूने लिहिलेला कोड रद्द करण्याची आज्ञाही गिळून टाकत असे. काम थांबायला सांगितलं तरी ते चालूच. ३.८ मध्ये ते वरच्या घराण्यात हलवलं गेलं, तेव्हा कुठे ते आपसूक गिळलं जाणं थांबलं.

आमच्या पुण्यातल्या टीममधली एक मुलगी एकदा मला म्हणाली, "ताई, सगळं 'असिंक विथ'मध्ये आहे की. ब्लॉक संपला की बंद होणारच, मग काळजी कसली?" मी तिला म्हटलं, "बंद होण्याच्या फंक्शनमध्ये किती 'अवेट' आहेत ते मोज बरं." तिने उघडून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. कारण इथे आवराआवरीलाही वेळ लागतो. ट्रान्झॅक्शन मागे घ्यायचं तर डेटाबेसला निरोप जायला हवा आणि होकार यायला हवा. एनक्रिप्टेड कनेक्शन सभ्यपणे संपवायचं तर निरोपाचा संदेश पाठवावा लागतो. म्हणजे 'फायनली'मध्येच पुन्हा 'अवेट', आणि दुसऱ्यांदा रद्द करण्याची आज्ञा नेमकी तिथे येऊन आदळू शकते. मग आवरणंही अर्ध्यावर.

यावरचे उपाय भाषांनी वेगवेगळे काढले. कॉटलिनमध्ये 'नॉनकॅन्सलेबल' नावाचा संदर्भ आहे. 'फायनली'तलं काम त्याच्या आत चालवलं की मधे कोणी थांबवत नाही. पायथनमध्ये 'शील्ड' आहे, पण ते आतल्या कामाला वाचवतं. बाहेर वाट पाहणाऱ्याला थांबा बसतोच, आणि मग त्या आतल्या कामाकडे कोण लक्ष देणार हा प्रश्न उरतो. मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो नॅथॅनिएल स्मिथ यांच्या ट्रायो या लायब्ररीचा करार. तिथे बंद करण्याचं फंक्शन स्वतःच रद्द झालं, तरी त्याने संसाधन बंद केलंच पाहिजे; सभ्य निरोप तेवढा गाळायचा. शक्य असेल तर नीट, नाही तर तोडून, पण उघडं ठेवायचं नाही. सभ्यपणासाठी वेळ हवाच असेल तर त्या आवराआवरीला संरक्षण देताना तिची मुदतही सांगायची. हे वाचून पटतं, पण मुदतीविना संरक्षण दिलेली आवराआवर मी इतक्या ठिकाणी पाहते, की हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. पलीकडचा सर्व्हर मेलेला असेल तर ती कधीच संपणार नाही.

स्मिथ यांचं त्याहून मोठं काम म्हणजे त्यांनी २०१८ साली लिहिलेला संरचित समांतरतेवरचा निबंध. १९६८ साली डाइक्स्ट्रा यांनी 'गो टू' विरुद्ध लिहिलेल्या प्रसिद्ध पत्राशी त्यांनी थेट नातं जोडलं. काम सुरू करायचं आणि वाऱ्यावर सोडून पुढे जायचं, ही सवय त्यांच्या मते 'गो टू'इतकीच घातक. मला हे शंभर टक्के मान्य आहे, आणि कारण संसाधनांच्याच संदर्भातलं आहे. फाइल उघडणारा ब्लॉक संपला, फाइल बंद झाली. पण त्या ब्लॉकने सोडलेलं एक काम अजून कुठेतरी चालू आहे आणि त्याच फाइलीत लिहू पाहतं आहे. 'विथ'ने दिलेली हमी तिथे निरुपयोगी होते. पायथनमध्ये तर अशा सोडून दिलेल्या कामाचा आधारही कच्चा असतो. इव्हेंट लूप त्याला फक्त दुबळ्या संदर्भाने धरून ठेवतो. आपण त्याला कुठे जपलं नाही तर ते चालता चालता कचऱ्यात जाऊ शकतं. ट्रायोमधली 'नर्सरी' आणि पायथन ३.११ मध्ये २०२२ साली आलेला टास्कग्रुप यांनी हे बदललं. ज्या ब्लॉकमध्ये कामं सुरू झाली, ती सगळी संपल्याशिवाय तो ब्लॉक संपत नाही. एक फुटलं तर भावंडांना थांबवलं जातं, आणि ती आवरून येईपर्यंत ब्लॉक वाट पाहतो. फाइल उघडणाऱ्या ब्लॉकच्या आत नर्सरी असली, की फाइल वापरणारा शेवटचा गेल्यावरच फाइल मिटते.

रस्टचं मला कौतुकही वाटतं आणि काळजीही. मालकी आणि मृत्यू यांचा इतका काटेकोर हिशेब ठेवणारी दुसरी लोकप्रिय भाषा नाही. पण २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे असिंक-अवेट स्थिर झालं तेव्हा रद्द करणं म्हणजे ते काम सरळ टाकून देणं, असं ठरलं. टाकलेल्या वस्तूची आवराआवर करणारं 'ड्रॉप' हे फंक्शन असिंक्रोनस नाही. त्यात 'अवेट' लिहिता येत नाही. म्हणजे निरोप पाठवून होकाराची वाट पाहणं तिथून शक्य नाही. टोकिओ या लायब्ररीने निदान प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे, की कोणतं फंक्शन मधे रद्द केलं तरी चालेल आणि कोणतं नाही. मिळेल तेवढं वाचणारं 'रीड' चालतं. ठरलेली लांबी पुरी करणारं 'रीड-एक्झॅक्ट' चालत नाही, कारण निम्मं वाचून झालेलं कुठे गेलं ते सांगता येत नाही. प्रत्येक लायब्ररीच्या प्रत्येक असिंक्रोनस फंक्शनखाली अशी नोंद असावी, असं मला मनापासून वाटतं. कोड तपासताना मी तेवढंच करते: एकेका 'अवेट'वर बोट ठेवून, काम इथे कायमचं थांबलं तर हातात काय उरतं, ते लिहिणाऱ्याकडून वदवून घेते.

आणि काही वेळा आवराआवरीला जागाच मिळत नाही. कुबेरनेटीस एखादा सर्व्हर उतरवताना आधी सिगटर्म हा संकेत पाठवतं आणि मुळात ३० सेकंदांची मुदत देतं, त्यानंतर सिगकिल. त्या संकेतानंतर ना 'फायनली' चालतं ना 'ड्रॉप'. कर्नल डिस्क्रिप्टर मिटवतो, सॉकेट तुटल्याचं पोस्टग्रेसच्या लक्षात आलं की अर्धवट ट्रान्झॅक्शन मागे घेतलं जातं. तेवढं दुसऱ्यांनी आपल्यासाठी केलेलं असतं. पण रेडिसमध्ये ठेवलेला लॉक, ग्राहकासाठी अडवून ठेवलेली जागा, ही नावनिशाणी मागे राहते, आणि मालक मेलेला असतो. म्हणून असा लॉक घेतानाच त्याला मुदत लावावी लागते, म्हणजे सोडणारा कोणी उरला नाही तरी तो सुटेल. यातून लगेच पुढची अडचण उभी राहते. मुदत संपून लॉक दुसऱ्याने घेतला असेल आणि आपण उशिरा जागे होऊन, आपलाच समजून, तो पुसला तर? त्यासाठी लॉकमध्ये दुसऱ्या कोणाची नसेल अशी आपली एक खूण ठेवायची आणि ती जुळली तरच पुसायचं. जुळवणं आणि पुसणं ही दोन्ही कामं रेडिसच्या आत एकाच लुआ स्क्रिप्टमध्ये करायची. आपल्या प्रोग्रॅममध्ये ती दोन ओळींत लिहिली, तर त्या दोन ओळींच्या मधेही एक 'अवेट' येतो.